टूरिंग मोटरसायकलचं हँडल उंच करताना: मागितले चार इंच, पुरले दोन

गाडी मोठी टूरर. अर्धं फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण), खालीवर करता येणारी काच, मागे तीन डबे, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा. क्लच केबलचा, रेसही केबलचीच, मुठीपाशी हँडलचा व्यास २२ मि.मी. स्वार पन्नाशी ओलांडलेले, उंची १८८ सें.मी., लांबच्या प्रवासाची सवय जुनी. तक्रार अशी की तासाभरानंतर दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर होतात, आणि थोड्या वेळाने पाठीच्या फऱ्यांमध्ये कळ येते. उपाय त्यांनी स्वतःच ठरवला होता. मूळ हँडलपेक्षा १०० मि.मी., म्हणजे चार इंच उंच हँडल विकत घेऊनच ते आले होते. "हे बसवा, बाकी काय लागेल ते लावा," एवढंच काम त्यांनी सांगितलं.

उंच हँडलच्या बहुतेक कामांची सुरुवात अशीच होते. आधी हँडल येतं, मग त्याला पुरेल अशी केबल शोधली जाते, शरीराचा विचार शेवटी होतो. इथे क्रम उलटा केला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

करंगळी आणि अनामिका बधिर होणं ही खूण उपयोगी असते. त्या दोन बोटांना जाणारी अल्नर नस मनगटाजवळ तळहाताच्या करंगळीकडच्या गादीतून जाते. तिथे सतत भार पडला की मुंग्या येतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर प्रकरण मीडियन नसेचं असतं, आणि तिथे मनगट किती वाकलंय, मूठ किती घट्ट धरलीय हे आधी बघावं लागतं. गाडीवरून उतरल्यावरही मुंग्या जात नसतील तर गॅरेजऐवजी डॉक्टरकडे जायला हवं. यांच्या मुंग्या उतरल्यावर थोड्या वेळात जात होत्या.

मग एक साधी चाचणी. गाडी मधल्या स्टँडवर, स्वार पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, पाय फूटरेस्टवर. नेहमीसारखं बसायचं आणि दोन्ही हात मुठींवरून बोटभर वर उचलायचे. धड जागेवर राहिलं तर भार सीटवर आणि पायांवर आहे. हे गृहस्थ लगेच पुढे कलंडले आणि त्यांनी मुठी पकडल्या. म्हणजे वरच्या अंगाचं वजन तळहातांवर होतं. मान वर करून रस्ता बघावा लागत होता, फऱ्यांमधली कळ त्यातून येत होती. आणखी एक गोष्ट दिसली: सीटला पुढच्या बाजूला उतार होता आणि ते हळूहळू टाकीकडे घसरत होते. ती नोंद करून ठेवली, तिच्याकडे शेवटी येतो.

फुकटचे उपाय आधी

मूळ हँडलचे क्लॅम्प सैल करून ते पाच अंश मागे फिरवलं. या हँडलची मुठीपर्यंतची उंची साधारण १५० मि.मी. होती, त्यामुळे पाच अंशांत मुठी सुमारे १३ मि.मी. मागे आल्या. ब्रेक आणि क्लचच्या दांड्या जरा खाली झुकवल्या, जेणेकरून कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील. स्वार दोन दिवस तसेच फिरले. फरक पडला, पण कमी. शिवाय हँडल मागे फिरवलं की मुठींची टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेरच्या बाजूला मुडपतं, त्याची नवी कुरकुर सुरू झाली. हा उपाय थोडक्या फरकासाठी ठीक असतो. इथे अंतर जास्त होतं.

नेमकं किती अंतर हे मोजण्याची पद्धत अगदी घरगुती आहे. स्वाराने डोळे मिटून ताठ पण सैल बसायचं, खांदे खाली सोडायचे, कोपर थोडे वाकलेले ठेवून हात जिथे आपोआप येतील तिथे थांबवायचे. दुसऱ्याने फूटपट्टी आणि ओळंबा घेऊन मुठीपासून तळहातापर्यंतचं अंतर उभं वेगळं आणि आडवं वेगळं मोजायचं. तीनचार वेळा मोजल्यावर आकडे स्थिरावले: वर सुमारे ४० मि.मी., मागे सुमारे ३५.

वर आणि मागे जवळपास सारखंच. त्यांची समजूत मात्र अशी की सगळा प्रश्न उंचीचा आहे.

तोंडी वाद घालण्यापेक्षा त्यांनी आणलेलं हँडलच नुसतं क्लॅम्पमध्ये बसवलं. केबल, स्विच काही नाही, टोकांना फक्त जुन्या रबरी मुठी. म्हटलं, बसा यावर वीस मिनिटं, गप्पा मारू. पहिली पाच मिनिटं ते खूश होते. मग कोपर बाहेर जायला लागले, पुढचे हात वर उचललेले राहिल्यामुळे खांदे ताणले. वीस मिनिटं व्हायच्या आत त्यांनीच हात खाली घेऊन मांड्यांवर ठेवले. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर उजवं टोक काचेच्या कडेला टेकत होतं. त्यावर ब्रेकची दांडी आणि आरसा चढायचे अजून बाकीच होते. ते हँडल परत गेलं.

कोनाचा हिशोब

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोटरसायकलचा स्टिअरिंगचा अक्ष उभा नसतो, वरचं टोक मागे कललेलं असतं. या गाडीत तो कल २७ अंश होता. हँडलची उंची किंवा खाली घालायचे रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) त्याच कलाने बसतात. त्यामुळे ५० मि.मी. उंची वाढवली की मुठी सरळ वर ५० जात नाहीत. त्या सुमारे ४५ वर आणि २३ मागे जातात. १०० मि.मी. वाढवले की ८९ वर आणि ४५ मागे. त्यांना हवं होतं ४० वर, ३५ मागे. नुसती उंची वाढवत ३५ मागे येईपर्यंत थांबलो असतो तर हात जवळपास ७० मि.मी. वर गेले असते.

म्हणून मूळपेक्षा ५० मि.मी. जास्त उंच, पण १५ मि.मी. जास्त मागे वळलेलं हँडल निवडलं. मागे वळण्याची दिशाही त्याच कलामुळे थोडी खाली जाते, त्यामुळे हिशोब बसतो सुमारे ३८ वर आणि ३६ मागे. मोजमापाशी इतकं जुळणं पुरे. शरीर मिलीमीटर मोजत नाही.

रायझर का नाही, असं त्यांनी विचारलं. रायझर वाईट नसतात, पण रायझरने फक्त वरचा कल मिळतो, मागे वळण बदलत नाही. मागे सरकवणारे खास रायझर मिळतात, पण रबरी बुशवर बसलेल्या क्लॅम्पवर उंच ठोकळा चढवला की ब्रेक मारताना हँडल पुढे गेल्यासारखं वाटतं. या गाडीत क्लॅम्पखाली रबर होतं.

केबल, आणि खरं काम

हँडल बदलणं अर्ध्या तासाचं. त्याला जोडलेलं सगळं पुरवणं हे खरं काम. हात ५० मि.मी. दूर गेले म्हणून प्रत्येक केबल ५० मि.मी. लांब लागेल असं नसतं. केबल ज्या वाटेने जाते ती वाट बदलून कधी कधी हवी तेवढी ढील निघते. टाकी उतरवली, फेअरिंगच्या आतल्या क्लिपा सोडल्या. रेसच्या दोन केबल, उघडणारी आणि बंद करणारी, मूळ वाटेत उगाच मोठा वळसा घेऊन येत होत्या. तो वळसा कमी केला आणि त्या नव्या हँडलला पुरल्या. क्लचची केबल काही केल्या पुरेना.

लांबी ठरवायला नवी केबल मागवून बघण्यापेक्षा जुन्या केबलचं बाहेरचं कवच घ्यावं, ते नव्या वाटेने ओढावं, हँडल दोन्ही टोकांना वळवावं आणि जिथे ताण येतो तिथे खूण करावी. त्यात वळणाला मोकळेपणा राहील एवढी भर घालायची. इथे ७५ मि.मी. जास्त लांबीची केबल लागली. "अजून थोडी लांब घेऊ, असू दे," असं मालक म्हणाले. नको म्हटलं. जास्तीची केबल कुठेतरी गोल वळते, तिथे घर्षण वाढतं आणि क्लच जड होतो. शिवाय तो वळसा स्टिअरिंगच्या थांब्यात अडकला तर हँडल वळायचंच बंद होतं.

ब्रेकच्या होजमध्ये, म्हणजे फ्लुइड नेणाऱ्या लवचीक नळीत, मात्र तडजोड नाही. या गाडीत पुढच्या मास्टर सिलिंडरपासून (दांडी दाबली की फ्लुइड ढकलणारा हँडलवरचा भाग) होज टाकीखालच्या एबीएस युनिटकडे जातो, म्हणून फक्त वरचा तुकडा बदलायचा होता. एबीएस नसलेल्या गाडीत होज सरळ चाकाच्या कॅलिपरला (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाला) जातो. तिथे पुढचं चाक हवेत उचलून, शॉक पूर्ण लांब झाल्यावरही ढील उरते का हे बघावंच लागतं. पोलादी तारेच्या वेणीचा, आत पीटीएफई (टेफ्लॉन) नळी असलेला, मूळपेक्षा ७५ मि.मी. जास्त लांब होज घेतला. होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या, दोन्ही बाजूंचे वॉशर नवे. हे वॉशर एकदा आवळले की दबून चपटे झालेले असतात. तेच पुन्हा लावले तर आज नाही तर उद्या पाझरतात. एवढ्याशा वॉशरसाठी काटकसर करणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटते.

ब्रेक फ्लुइड डॉट ४ दर्जाचं. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, हवेतली आर्द्रता शोषतं, आणि रंगावर पडलं तर रंग सोलतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, आणि पाणी शोषलेल्याचा किमान १५५. म्हणजे डबा उघडून वर्षभर ठेवलेलं फ्लुइड घाटात भरलेल्या गाडीखाली किती तग धरेल याचा अंदाज येईल. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच. नाव जवळचं असल्याने इथे गोंधळ होतो. टाकीवर ओली चादर टाकली, जवळ पाण्याची बाटली ठेवली आणि होज सोडला.

हवा काढताना नवा प्रश्न आला. हँडल बदलल्यावर मास्टर सिलिंडरचा कल बदलला होता, आणि बँजोचं वळण आता होजमधली सगळ्यात उंच जागा झाली होती. कॅलिपरच्या निपलमधून कितीही वेळा फ्लुइड काढलं तरी तो बुडबुडा वरच राहतो, दांडी मऊ लागते. हँडल असं वळवलं की मास्टर सिलिंडर सगळ्यात वर यावा, दांडी हलकी दाबून बँजो बोल्ट किंचित सैल केला, फडक्यात बुडबुडे फुटले, पुन्हा आवळला. असं काही वेळा केल्यावर दांडी घट्ट झाली. मग रात्रभर ती पट्ट्याने मुठीला बांधून ठेवली, उरलीसुरली हवा मास्टर सिलिंडरवरच्या फ्लुइडच्या डबीकडे वर जाते. हे काम सुरू करण्याआधी होज फ्लुइडने भरून घेतला होता, कारण एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती निदानाच्या उपकरणाने पंप फिरवल्याशिवाय निघत नाही.

उजव्या स्विचच्या वायरी कमी पडल्या. डाव्या पुरल्या. वायरी तोडून वाढवताना सगळे जोड एकाच जागी घेतले तर तिथे जाडजूड गाठ होते आणि नेमकी तीच वळणात अडकते. जोड एकेक करून वेगवेगळ्या अंतरावर घेतले, डाग दिला, उष्णतेने आवळणारी नळी चढवली. स्टिअरिंगच्या डोक्याजवळ वायरी प्रत्येक वळणाला वाकतात, तिथे एकही जोड ठेवला नाही.

स्विचच्या डब्यात आतून एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते आणि डबा फिरू देत नाही. नव्या हँडलला भोक नव्हतं. ती खुंटी घासून टाकून मोकळं होणारे बरेच भेटतात. मग एक दिवस घाईत रेस देताना रेसचा डबाच मुठीसोबत फिरतो. भोक पाडायला दहा मिनिटं लागतात. फक्त ते लगेच पाडायचं नाही. डबे सैल बसवून, स्वाराला बसवून, मुठीचा कोन आणि दांड्यांची जागा पक्की झाल्यावर खूण करायची.

क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे: पुढचे आधी आवळायचे, फट फक्त मागच्या बाजूला ठेवायची. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरला. सगळ्या गाड्यांना हाच क्रम नसतो.

टोकापासून टोकापर्यंत

टाकी बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर, दोनदा तपासलं. इंजिन मंद गतीवर चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल सावकाश पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे. आरपीएम जराही वाढला तर रेसची केबल ताणली जातेय, आणि ती गाडी गल्लीतल्या वळणावर आपोआप पळणार. इथे पहिल्या वेळी डाव्या टोकाला आवाज किंचित चढला. एका क्लिपने केबल धरून ठेवली होती. ती सोडून वेगळ्या जागी बांधली, मग आवाज स्थिर. रेस दोन्ही टोकांना सोडली की खट्कन बंद होते ना, क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते १५ मि.मी. ढील राहते ना, हेही बघितलं. पुढचा ब्रेक दाबला की मागचा दिवा लागतो का, हे विसरायचं नाही. वायरी वाढवल्यावर तोच बंद पडलेला असतो.

मुठी मागे आल्याचा एक परिणाम अपेक्षित होता. पूर्ण डावीकडे वळवलं की डाव्या स्विचचा डबा आणि टाकी यांच्यात अंगठा चिमटत होता. पार्किंगमध्ये गाडी ढकलताना हे हमखास लागलं असतं. दोन्ही डबे काही मिलीमीटर आत सरकवले, हँडल दोन अंश पुढे फिरवलं, बोटभर जागा मिळाली. टाकीवरची उंच बॅग मात्र बसेना. मालक त्यावर नाराज झाले. कमी उंचीची घ्या म्हटलं.

रस्त्यावर

पहिली फेरी आवारात, मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात. हळू वळणं सोपी झाली. ताशी ९० च्या पुढे दोन गोष्टी समोर आल्या.

एक, हेल्मेट थरथरायला लागलं. धड ताठ झाल्याने डोकं वर आणि मागे गेलं होतं. आधी काचेमागच्या शांत हवेत असायचं, आता काचेच्या कडेवरून सुटणाऱ्या खळबळीत. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ७० ला जे जाणवत नाही ते ११० ला छळतं. काच एक खाच वर केली, थरथर कमी झाली. पूर्ण गेली नाही. त्याहून वर केल्यावर काचेची कड नजरेच्या आड येत होती, तेव्हा तिथेच थांबलो.

दुसरी गोष्ट गंभीर होती. डबे भरलेले, बाजूचा वारा, वेग ११० च्या आसपास, आणि गाडी मागून हळूच डोलायला लागली. हँडलला दोष देणं सोपं होतं. पण स्टिअरिंगचा कोन-सेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) कामाआधीच तपासला होता, ढिलेपणा नव्हता. टायरची हवा बरोबर होती. खरं कारण दोन बदलांच्या बेरजेत होतं. स्वाराचं वजन मागे सरकलं, त्यामुळे पुढचं चाक हलकं झालं, आणि ताठ धड वाऱ्यात शिडासारखं काम करायला लागलं. त्यावर आदळणारा प्रत्येक झोत हातांतून थेट हँडलला जात होता. त्यात मागच्या उंच डब्यात अवजारं आणि पाण्याचे कॅन ठेवलेले. तो डबा रिकामा करून जड सामान बाजूच्या डब्यांत खाली आणि पुढच्या बाजूला हलवलं. मुठी सैल धरायला आणि गुडघे टाकीला लावायला सांगितलं. पुन्हा त्याच रस्त्यावर, तसाच वारा असताना, डोलणं गेलं. मागच्या डब्यावर कमाल वजन लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही.

काही आठवड्यांनी लांबचा प्रवास करून ते आले. करंगळ्या ठीक होत्या, फऱ्यांमधली कळ गेली होती. उजव्या हाताला दुपारनंतर मुंग्या येत होत्या, पण आता अंगठ्याकडून. तासन्‌तास एकाच जागी रेस धरून ठेवण्याचा तो परिणाम. मूठ थोडी जाड केली आणि रेसच्या केबलला तेल दिलं. क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, एकही सैल नव्हता. होजवर बँजोपाशी ओल नव्हती.

नवी तक्रार कंबरेखालची होती. तळहातांवरचं वजन कुठेतरी जाणारच. ते आता सीटवर आलं होतं, आणि तीन तासांनी बूड दुखत होतं. "मग अजून दोन इंच वर घेतलं तर?" असं त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. अजून वर घेतलं तर वजन आणखी मागे जाईल, रेसच्या केबलही आता पुरणार नाहीत, होज पुन्हा बदलावा लागेल, आणि दुखणं तिथेच राहील. सुरुवातीला नोंदवलेला सीटचा उतार अजून तसाच होता. पुढचं काम फोम कापून सीट सपाट करण्याचं ठरलं, आणि मूळ हँडल, केबल, होज चिठ्ठी लावून त्यांच्याकडे परत दिले. हँडलच्या उंचीवर बऱ्याच ठिकाणी कायद्याची मर्यादा असते. गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना मूळ सुटे भाग हाताशी असलेले बरे.